शहरातल्या माणसालाही सव्वा गुंठा मिळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या पुरवणीत बाल्कनीतल्या भाजीवर एक लेख आला होता, आणि त्यावर एका वाचकाचं पत्र होतं की शहरात भाजी पिकवणं ही रिकाम्या माणसांची हौस आहे, ज्याला शेती करायची त्याने गावाला जावं, शहरातली जागा त्यासाठी नाही. मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, तुमचा पेपर रोज मोबाइलवर वाचते, आणि ते पत्र वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कापायचं तर माझ्या कांद्या-बटाट्याचं कापा पण कायद्याचा आणि पुण्याचा भाग तेवढा ठेवा अशी विनंती.

मी मूळची तासगावजवळची, घरी द्राक्षबाग. लग्न होऊन पुण्याला गेले, तिथे आठ वर्षं तिसऱ्या मजल्यावर काढली, आणि त्या आठ वर्षांत मातीत हात घातला तो फक्त तुळशीच्या कुंडीत. मग २००८ ला इकडे आलो. इथेही फ्लॅटच मिळाला, खाली डांबरी पार्किंग. एकदा बसमधून जाताना रेल्वेच्या रुळांपलीकडे नुसते वाफेच वाफे दिसले, बांबूचे मांडव, पत्र्याची छोटी खोपटी, आणि एक साडी नेसलेली बाई खुरपत बसलेली. पुढच्या स्टॉपला उतरून चालत मागे आले. त्या बाईंना आता मी मासी म्हणते, त्या गुजराती, युगांडातून १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लहानपणी आईवडलांबरोबर इथे आलेल्या. त्यांनी सांगितलं, बेटा ही अलॉटमेंट आहे, कौन्सिलकडे (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे) नाव लाव, वेळ लागेल पण मिळेल. दोन वर्षं आठ महिने लागले, पण मिळाली.

आता अलॉटमेंट म्हणजे काय हे नीट सांगते कारण आपल्याकडे असा प्रकारच नाही त्यामुळे लोकांना वाटतं की फार्महाऊससारखं काहीतरी असेल. तसं काही नाही. सरकारी किंवा ट्रस्टची मोकळी जमीन असते, तिचे पट्टे पाडलेले असतात, आणि आजूबाजूला राहणाऱ्या कुणालाही एक पट्टा वर्षाच्या भाड्याने मिळतो, घरच्यापुरती भाजी-फळं लावायला. विकत मिळत नाही, आपल्या नावावर होत नाही. पूर्ण पट्टा दहा रॉडचा. रॉड हे इथलं जुनं माप, आणि मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला, एकरात १६० रॉड म्हणजे गुंठ्यात चार, म्हणजे दहा रॉडला अडीच गुंठे, आणि तुला अर्धा पट्टा मिळालाय म्हणजे सव्वा गुंठा. म्हणाले बांधाएवढी जमीन आहे, पण जमीन आहे. माझं भाडं वर्षाला पन्नास पाऊंडाच्या आसपास जातं, पाणी धरून. इथे एका कुटुंबाने एकदा बाहेर जेवायचं म्हटलं तरी त्याहून जास्त होतात.

आणि ही कुणाची मेहेरबानी नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९०८ साली इथे स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स ॲक्ट झाला. त्या कायद्याप्रमाणे लोकांची मागणी असेल तर पुरेशा अलॉटमेंट देणं हे स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य आहे (लंडनचा आतला भाग त्यातून वगळलाय), आणि सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. सहाच माणसं! आपल्या एका जिन्यावर याहून जास्त मतदार राहतात. मग १९२२ च्या कायद्याने भाडेकरूला नोटिशीचं संरक्षण मिळालं, म्हणजे उभ्या पिकातून उठवायचं नाही, आधी सहा महिन्यांची आणि १९५० पासून बारा महिन्यांची नोटीस, तीही साधारण हिवाळ्यात संपणारी. १९२५ च्या कायद्याने असं ठरलं की अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. आणि १९५० पासून पट्ट्यावर कोंबड्या आणि ससेही पाळता येतात, फक्त कोंबडा नाही.

हे लाड म्हणून झालं नाही हो. गावची गायरानं आणि पड जमिनी कुंपणं घालून मोठ्या लोकांनी घेतल्या, गरीब माणूस कारखान्याच्या गावात आला आणि त्याच्या हातात मातीचा तुकडाही उरला नाही, तेव्हा त्याच्या पोटाला काहीतरी पाहिजे म्हणून हे सुरू झालं. इथून तासाभरावर नॉटिंगहॅम आहे, तिथे सेंट ॲन्स म्हणून टेकडीच्या उतारावर ७५ एकरांवर जुन्या बागा आहेत, व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या झुडपांच्या कुंपणांसकट, त्यांना आता जुन्या वास्तूंसारखं संरक्षण आहे. मी मुलाला घेऊन गेले होते. भर शहरात, चारी बाजूंनी घरं आणि मध्ये ७५ एकर भाजी आणि सफरचंदं, मी कितीतरी वेळ तिथे नुसती उभी होते.

दुसऱ्या महायुद्धात तर 'डिग फॉर व्हिक्टरी' म्हणून सरकारनेच मोहीम काढली, बाहेरून येणारी धान्याची जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या म्हणून. बागा, मैदानं, रेल्वेच्या कडेची जमीन सगळीकडे कोबी-बटाटे लागले, लंडनच्या टॉवरच्या खंदकात, म्हणजे आपल्या भाषेत किल्ल्याच्या खंदकात, भाजीचे वाफे होते, फोटो आहेत त्याचे. त्या वेळी देशात सुमारे १४ लाख अलॉटमेंट होत्या. आता तीन-सव्वातीन लाखांच्या आसपास उरल्यात असं म्हणतात आणि वेटिंग लिस्ट सगळीकडे लांब. म्हणजे कायदा असूनही जमीन जातेच, मग कायदाच नसेल तिथे काय होत असेल याचा विचार करा.

आता माझं वर्ष सांगते, कारण त्या वाचकाने 'हौस' म्हटलंय आणि मला दाखवायचंय की यात शेती किती आहे.

पट्टा मिळाला तेव्हा त्यावर गुडघाभर गवत होतं. इथे काऊच ग्रास म्हणून एक गवत असतं, आपल्या हरळीचीच जात समजा, मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी परत उठतं. आणि बाइंडवीड, पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं खाली हातभर गेलेली. माती चिकण, पावसात बुटाला किलो किलो चिकटते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, ते बघून मात्र मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आमच्या खालच्या काळ्या रानासारखी. पहिलं वर्ष नुसतं खणण्यात आणि मुळं वेचण्यात गेलं. खणायला लागलं की एक लाल छातीचा छोटा पक्षी, रॉबिन, पावलाजवळ येऊन गांडुळं टिपतो. आपल्याकडे औताच्या मागे बगळे चालतात ना, तसंच.

शेतकऱ्याच्या पोरीला वाटतं आपल्याला सगळं येतं. मला पहिली दोन वर्षं काहीच जमलं नाही, कारण इथला काळच वेगळा. आपण नक्षत्रांवर चालतो, रोहिणी कधी, मृग कधी, हस्त पडला का. इथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा, एकूण वर्षाचा धरला तरी महाबळेश्वरच्या एकट्या जुलैपुढे काहीच नाही. इथे पीक ठरवतं ते ऊन आणि दव गोठणं. एप्रिलमध्ये चार दिवस छान ऊन पडलं की वाटतं लावून टाकावं, मी भोपळ्याची आणि फरसबीची रोपं लावली, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत सगळी काळी पडली, उकळतं पाणी ओतल्यासारखी. शेजारच्या पट्ट्यावरचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, खाणीत काम केलेले, ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडची सहा रोपं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या फाटकापाशी ठेवून गेले. तेव्हापासून मी मे संपल्याशिवाय नाजूक काहीही बाहेर काढत नाही.

दुसरी गोष्ट दिवसाची. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊला सूर्य मावळतो आणि पहाटे पावणेपाचला परत हजर, आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत सूर्यास्त. मी एका सुट्टीत घरून फुरसुंगी कांद्याचं बी आणलं होतं (आता तसं आणता येत नाही, रोग-कीड नसल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, आणि ते बरोबरच आहे). मार्चमध्ये टाकलं, रोपं फार सुंदर आली आणि मग लिंबाएवढे गोटे धरून जूनमध्येच माना मोडल्या. मला वाटलं खत कमी पडलं. खरं कारण असं की आपला कांदा अकरा-बारा तासांच्या दिवसावर गोटा धरणारा, त्याला इथला सोळा तासांचा दिवस दिसला की त्याला वाटतं वेळ झाली, पात वाढायच्या आधीच तो पोसायला लागतो. इथल्या जातींना चौदा-सोळा तास लागतात म्हणून त्या आधी पात भरपूर करतात. आबांनी आयुष्यभर कांदा केला पण हे त्यांनाही नवीन होतं, त्यांनी माझ्याकडून दोनदा समजून घेतलं.

वर्ष खरं सुरू होतं ते आत्ता, फेब्रुवारीत. बटाट्याचं बेणं आणायचं आणि अंड्याच्या ट्रेमध्ये डोळे वर करून खिडकीत ठेवायचं, उजेडात जाड हिरवे-जांभळे कोंब येतात, अंधारात ठेवलं तर पांढरे लांब मरतुकडे. लवकरचे बटाटे गुड फ्रायडेच्या सुमाराला लावायची जुनी पद्धत आहे, गुड फ्रायडे चंद्रावर ठरतो त्यामुळे कधी मार्चअखेर येतो कधी अर्धा एप्रिल उलटून, पण आजोबा त्या दिवशी लावतातच, आमच्याकडे बेंदराला बैल धुतातच तसं. रुबार्ब त्याच वेळी वर येतो, बादली पालथी घातली की आत गुलाबी कोवळे दांडे. त्याची पानं विषारी, फक्त दांडे खायचे, आणि चवीला थेट आंबट चुका, आहेच तो चुक्याच्या कुळातला. मी आमटीत चिंचेऐवजी घालते आणि दाण्याचं कूट घालून त्याची चटणी करते.

एप्रिल-मे म्हणजे उपासाचे महिने. साठवलेलं संपलेलं, नवीन अजून लहान. इथे त्याला हंग्री गॅप म्हणतात. पण त्याच वेळी पट्ट्यावर तण म्हणून काय उगवतं माहितीये का? चाकवत! इथले लोक त्याला फॅट हेन म्हणतात आणि उपटून खताच्या ढिगावर टाकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खाली बसून पान चोळून वास घेतला, दुसरं चोळलं, पानामागची ती पांढरी पिठासारखी पूड, शंकाच नाही. मासी धावत आल्या, म्हणाल्या आ तो चील नी भाजी! त्या दिवशी दोघींनी मिळून तीन पट्टे खुरपून दिले लोकांचे, फुकट, आणि दोन पिशव्या चाकवत घरी आणला. ताक, डाळ, दाणे, वरून लसणाची फोडणी. आजोबांना डबा दिला, त्यांनी विचारलं हे काय आहे, मी सांगितलं तुम्ही काल उपटून टाकलंत ते. आता ते माझ्यासाठी एक कोपरा तसाच ठेवतात.

जूनमध्ये ब्रॉड बीन्स येतात, नोव्हेंबरमध्ये टोकलेल्या, अख्खी थंडी बर्फात काढतात त्या. शेंगा सोलायच्या आणि मग दाण्याचं सालही काढायचं, आतून डाळिंब्यांसारखा हिरवागार दाणा, त्याची मी डाळिंब्यांची उसळ करते तशीच उसळ करते, गूळ-खोबरं घालून. शेंड्याला काळा मावा, म्हणजे बारीक किडे, येतो, फुलं धरली की कोवळा शेंडा खुडून टाकायचा, मावाही जातो आणि शेंडा भाजीला होतो. मेथी मी वाण्याकडच्या मेथीदाण्याचीच पेरते, एक किलोची पिशवी वर्षभर पुरते, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक वाफा. कोथिंबीर मात्र जूनमध्ये हमखास फुलावर जाते, ती ऑगस्टच्या शेवटी टाकलेलीच बरी. गोगलगायी, आणि त्यांच्या बिनशंखाच्या बहिणी ज्यांना इथे स्लग म्हणतात, त्यांनी २०२४ च्या ओल्या वसंतात तीनदा माझी रोपं खाल्ली, रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा खात्रीचा उपाय मला तरी सापडलेला नाही.

२०२२ चा उन्हाळा मी विसरणार नाही. १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ तापमान गेलं, या देशात चाळीसच्या वर पहिल्यांदाच. सांगलीकराला चाळीस काही नवीन नाही, पण इथली झाडं, इथली माणसं, इथली घरं त्यासाठी बनलेलीच नाहीत. लेट्यूस पडले, घेवड्याची फुलं गळली. आमच्या साइटवर पाइप लावून पाणी द्यायला मनाई, टाकीतून झारीने भरून न्यायचं. तेव्हा मी गवत कापून वाफ्यावर हातभर आच्छादन टाकलं, आबा द्राक्षात पाचट टाकतात तसं, आणि भोपळ्याच्या आळ्यात तळाशी भोक पाडलेली बाटली पुरून ठेवली. पुढच्या आठवड्यात आजूबाजूच्या सात-आठ पट्ट्यांवर तसंच दिसलं. दुष्काळी तालुक्यातलं शहाणपण लेस्टरला उपयोगी पडलं याचा मला अजून अभिमान आहे.

ऑगस्ट म्हणजे करप्याची भीती. बटाट्यावरचा उशिराचा करपा, ज्याने आयर्लंडमध्ये १८४५ नंतर दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, तोच अजूनही आहे. सलग दोन दिवस तापमान दहाच्या खाली गेलं नाही आणि रोज निदान सहा तास हवेत ९० टक्के दमटपणा राहिला की तो येणार असं धरून चालायचं. द्राक्षावरचा दावण्या रोग याचाच भाऊबंद, त्यामुळे ढगाळ हवा आणि रिमझिम म्हटलं की माझ्या पोटात लहानपणापासूनच गोळा येतो. तिकडे बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारतो, इथे घरगुती बागेत बोर्डोला परवानगी नाही. मग पानावर डाग दिसला की सगळा पाला कापून न्यायचा, दोन-तीन आठवडे थांबायचं, आणि मग बटाटे काढायचे. दोनदा माझे टोमॅटो अख्खे गेले, हिरवेच, चार दिवसांत. त्या वेळी मी रडले होते, सव्वा गुंठ्यातल्या वीस झाडांसाठी. आबांच्या दोन एकराची बाग अवकाळीत गेली होती तेव्हा ते काय करत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. शहरातल्या माणसाला शेतकऱ्याचं दुःख समजत नाही असं आपण म्हणतो ना, कसं समजणार, त्याच्या हातून कधी काही करपलेलंच नसतं.

खताचा एक धडा सांगायचा राहिला. एका वर्षी घोड्यांच्या तबेल्यातून खत आणलं, छान कुजलेलं काळंभोर. टोमॅटोची पानं वळून नेच्यासारखी झाली, शेंडे पिळवटले. मला वाटलं व्हायरस. आबांनी व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि लगेच म्हणाले, उसात टू-फोर-डी मारलं की शेजारच्या द्राक्षाचं असंच होतं, तणनाशक आहे हे. खरंच होतं. कुरणावर मारलेलं तणनाशक गवतात, गवतातून घोड्यात, घोड्यातून लिदीत, आणि वर्षभर कुजूनही शिल्लक. आता कुठलंही खत आणलं की आधी एका कुंडीत घालून त्यात चार घेवड्याचे दाणे लावते, पानं सरळ आली तरच वाफ्यात टाकते. तुमच्या वाचकांपैकी कुणी बाहेरून शेणखत विकत घेत असेल तर ही टेस्ट जरूर करा, पैसे लागत नाहीत, तीन आठवडे लागतात.

ऑक्टोबरात लाल भोपळे उन्हात वाळवून आत घ्यायचे, लसूण लावायचा. लसणाची इथे म्हण आहे की वर्षाच्या सगळ्यात लहान दिवशी लावा आणि सगळ्यात मोठ्या दिवशी काढा, मी थोडा आधीच लावते. थंडी लागल्याशिवाय त्याच्या कुड्या फुटत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत लीक आणि पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखा कंद) जमिनीतच ठेवायचे, पार्सनिप दव गोठल्यावर गोड होतो, स्टार्चची साखर होते म्हणून. शनिवारी सकाळी कुदळीने गोठलेली माती फोडून लीक काढायचा आणि घरी येऊन त्याचा पातीच्या कांद्यासारखा झुणका, गरम भाकरी. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, तो बाहेर काहीही खाईल पण त्या झुणक्याच्या दिवशी घरी असतो.

आता पुण्याचं. माझी बहीण तिथे मोठ्या सोसायटीत राहते. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा आहे, त्यांच्याकडे खताची मशीन आहे, दर महिन्याला खत तयार होतं आणि पोती भरून जिन्याखाली पडून राहतं कारण घ्यायला कुणी नाही. बागेतल्या शोभेच्या झाडांना किती घालणार? आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडे ॲमेनिटी स्पेसचा, म्हणजे लोकांच्या सोयींसाठी राखलेला, एक प्लॉट आहे, दहा वर्षं बघतेय मी प्रत्येक सुट्टीत, त्यात गाजरगवत, राडारोडा आणि मोडक्या गाड्या. अलीकडे खत पडलंय, पलीकडे जमीन पडलीये, मध्ये चारशे कुटुंबं वीस रुपयांची कोथिंबीर महाग का झाली यावर व्हॉट्सॲपवर बोलतायत. मला हे बघवत नाही हो.

आपल्याकडे हे नवीन नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी, गणिताचा माणूस, प्रयोग परिवारातून सांगितलंच होतं की थोड्या जागेत, घरच्या पालापाचोळ्यात, घरापुरतं पिकवता येतं. प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्या कचऱ्यात झाडं वाढवून दाखवली. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं जपण्यासाठी, आणि त्यांनी तर परसबागेपासूनच किती बायकांना उभं केलं. आणि मुंबईत लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला पालक-माठाचे वाफे आपण सगळ्यांनी बघितलेत, ते रेल्वेच्याच ग्रो मोअर फूड नावाच्या योजनेतले, रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना भाड्याने दिलेल्या जमिनी. तिथल्या गटाराच्या पाण्याबद्दल तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या आहेत, पण त्याचा अर्थ पाणी स्वच्छ द्या असा होतो, जमीन देऊ नका असा होत नाही. म्हणजे सरकारी जमिनीचे पट्टे पाडून भाड्याने द्यायचं काम आपल्याच देशात, आपल्याच राज्यात झालेलं आहे, फक्त सामान्य नागरिकाला त्यात जागा नव्हती.

लोक म्हणतील अतिक्रमण होईल. इथे ते का होत नाही ते सांगते. करार वर्षाचा. पक्कं बांधकाम नाही, ठरलेल्या मापाचं लाकडी खोपटं तेवढं. विकता येत नाही, दुसऱ्याला पोटभाड्याने देता येत नाही, मी मेले तर पट्टा मुलाच्या नावावर आपोआप जात नाही. वर्षातून दोन-तीनदा तपासणी होते, पट्ट्याचा ठरलेला भाग लागवडीखाली नसेल तर आधी पत्र येतं, मग नोटीस, मग पट्टा वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या माणसाला. मला स्वतःला एकदा पत्र आलंय, आईच्या आजारपणात तीन महिने तिकडे होते तेव्हा. वाईट वाटलं होतं, पण मी परत येऊन कारण कळवलं आणि त्यांनी मुदत दिली. नियम कडक असला म्हणूनच तर जमीन शंभर वर्षं टिकली.

पाण्याचं मात्र मी मान्य करते. लातूरला किंवा आमच्या पूर्वेकडच्या भागात उन्हाळ्यात प्यायलाच टँकर येतो तिथे भाजीला पाणी मागणं बरोबर नाही. तिथे पावसाळी चार महिन्यांचा आणि हिवाळ्याचा करार करा, उन्हाळ्यात जमीन झाकून ठेवा. आपल्याकडे तर दव गोठायची भीती नाही, हिवाळ्यातसुद्धा अकरा तासांचा दिवस आहे, मला इथे सहा महिने नीट मिळत नाहीत त्या हवेत तुम्हाला बारा महिने मिळतात. अर्धा पट्टाही नको, पाव गुंठा द्या, दोन गादीवाफे आणि एक वेलाचा मांडव, चार माणसांच्या पालेभाजीला तेवढं खूप होतं.

संपादक महोदय, माझी मागणी एवढीच की हा विषय तुम्ही लावून धरा. महापालिकांच्या पडून असलेल्या जागांपैकी प्रत्येक वॉर्डात एक जागा पाच वर्षांसाठी नागरिकांना पट्टे पाडून द्यावी. पहिला हक्क ज्यांच्या घराला ना अंगण ना गच्ची त्यांचा, म्हणजे वस्तीतली, चाळीतली, छोट्या फ्लॅटमधली माणसं, बंगलेवाल्यांचा नाही. आणि तिथे आजूबाजूच्या सोसायट्यांचं खत जाऊ द्या.

माझं भाडेकरारपत्र तीन पानांचं आहे. सगळे नियम, मापं, नोटिशीची मुदत त्यात आहे. मार्चमध्ये बटाटे लावायच्या आधी मी त्याचं मराठी करून ठेवणार आहे, निम्मं झालंय. कुठल्या नगरसेवकाला, वॉर्ड ऑफिसला किंवा नुसत्या सहा मतदारांच्या ग्रुपला पाहिजे असेल तर माझा ईमेल तुमच्या ऑफिसात आहे, त्यांना द्या, मी त्याच दिवशी पाठवते.

आपली,
एक वाचक
लेस्टर (मूळ गाव तासगाव तालुका)